उदबत्तीतला ऊद

हैदराबादच्या विद्यानगरात माझी मावशी राहते. लग्न होऊन पेडण्याहून ती तिकडे गेली त्याला आता पन्नास वर्षे होत आली. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, रेल्वेतून निवृत्त झालेले. विद्यानगरचे छोटे रेल्वे स्टेशन त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि उस्मानिया विद्यापीठाची १९३९ सालची ती भव्य आर्ट्स कॉलेजची इमारत रोजच्या संध्याकाळच्या फेरफटक्यात. गेल्या डिसेंबरात आम्ही वास्कोहून रेल्वेने सहकुटुंब त्यांच्याकडे गेलो होतो.

पहिल्याच सकाळी एक गोष्ट नजरेस पडली. देवघराशेजारच्या टेबलावर औषधाच्या असतात तशा चार तपकिरी बाटल्या ओळीने मांडलेल्या. काका खुर्चीवर डोळे मिटून बसले होते. एक बाटली उघडायची, नाकाशी धरायची, हळूहळू श्वास घ्यायचा, थोडे थांबायचे, मग दुसरी. मला वाटले प्राणायामाचाच काही नवा प्रकार असेल. मावशीने खुलासा केला. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काकांचा वास गेला तो पुरता परतलाच नाही. चार बाटल्यांत गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. सकाळ-संध्याकाळ हुंगायचे आणि हुंगताना तो वास आठवायचा प्रयत्न करायचा. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली या चार वासांची कसरत करून पाहिली होती, तीच आता जगभर सांगितली जाते.

"दूध करपले तरी मला कळत नाही रे," काका म्हणाले. "पण त्याचे एवढे नाही. देवाजवळ बसलो की देवघरात बसल्यासारखे वाटत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसले. पुढचे जे काही लिहिले आहे ते त्या वाक्याचा माग काढता काढता सुचलेले. मी इतिहासतज्ज्ञ नव्हे. बी.ए.ला इतिहास घेतला होता आणि गेली वीसेक वर्षे सरकारी कचेरीत फायली हाताळतो, एवढीच माझी पात्रता. वाचकांनी ती लक्षात ठेवूनच वाचावे.

मुलांच्या हट्टाने दुसऱ्या दिवशी आम्ही रामोजी फिल्म सिटी पाहायला गेलो. १९९६ साली रामोजी रावांनी उभारलेली, सोळाशे एकरांहून अधिक पसरलेली ही चित्रनगरी जगातली सर्वांत मोठी म्हणून गिनेस बुकात नोंदलेली आहे. मुले हरखून गेली. मुघल बाग, परदेशी रस्ता, रेल्वे स्टेशन, विमानतळ, राजवाडे, सगळे एकामागोमाग एक. पण माझ्या डोक्यात काकांचे वाक्य असल्यामुळे असेल, मी मात्र नाकाने बघत होतो. स्टेशन आहे पण कोळशाचा, डिझेलचा, फलाटावरच्या भज्यांचा वास नाही. बाजार आहे पण मसाल्याचा वास नाही. त्यात नवल काहीच नाही. हे सारे कॅमेऱ्यासाठी बांधलेले. कॅमेऱ्याला डोळे आहेत, त्याच्या जोडीच्या माइकला कान आहेत, नाक कोणालाच नाही. मग नाकासाठी खर्च कोण आणि कशाला करील?

सिनेमाला नाक बसवण्याचा खटाटोप मात्र होऊन गेलेला आहे. १९५९ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये 'अरोमारामा' नावाने चीनवरचा एक माहितीपट वासांसकट दाखवला गेला. पुढच्याच वर्षी 'स्मेल-ओ-व्हिजन'चा 'सेंट ऑफ मिस्ट्री' हा चित्रपट आला. त्यात खुर्च्यांपाशी नळ्या बसवून प्रसंगागणिक वास सोडले जात. दोन्ही प्रयोग आपटले. वास उशिरा पोचायचा, पोचला की जायचा नाही, आणि तोवर पुढचा येऊन त्यात मिसळायचा. आवाज बंद केला की थांबतो, चित्र काढले की जाते. वास बंद करता येत नाही, तो काढून न्यावा लागतो. १९६२ साली मॉर्टन हायलिग या गृहस्थाने 'सेन्सोरामा' नावाच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यात एकेकट्या माणसाने डोके घालून बसायचे आणि चित्र, आवाज, वारा, हादरे आणि वास असे सगळे एकदम अनुभवायचे. त्यालाही गिऱ्हाईक मिळाले नाही.

गणित सुटले ते करमणुकीच्या बागांमध्ये. तिथे प्रेक्षक एका जागी बसत नाही. तो गाडीत बसून एका दालनातून दुसऱ्यात जातो. म्हणजे वास हलवण्याऐवजी माणूसच हलवायचा! फ्लोरिडातले डिस्नेचे एपकॉट १९८२ साली उघडले. तिथे पृथ्वीच्या गोलासारख्या इमारतीत माणसाच्या इतिहासाची सफर आहे. रोम जळते त्या दृश्याशी आले की जळक्या लाकडाचा वास येतो, आणि पुढच्या वळणावर तो नाहीसा होतो. १९८३ साली तिथेच 'होरायझन्स' नावाची सफर सुरू झाली (१९९९ साली ती बंद पडली). तिच्यात भविष्यातल्या शेतीच्या देखाव्यापाशी संत्र्याचा वास यायचा, आणि लोकांना पुढे आठवत राहिला तो बहुतेक तोच. डिस्नेच्या अभियंत्यांनी यासाठी वासाची एक तोफच केली होती. हॉवित्झर तोफेच्या नावावर कोटी करून तिला त्यांनी 'स्मेलिट्झर' म्हटले. गाडी समोर आली की सुगंधी हवेचा एक झोत सोडायचा, आणि दुसऱ्या बाजूने हवा ओढून घ्यायची, की मागच्या गाडीला पुन्हा ताजा वास. २००१ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या 'सोअरिन' या हवाई सफरीत संत्र्याच्या बागा आणि पाइनची राने अशीच नाकाला भेटायची.

झोत एवढा थोडा वेळच का सोडतात, याचेही कारण आहे. आपले नाक लवकर कंटाळते. मासळी बाजारात शिरताना जो वास अंगावर येतो तो पाच-दहा मिनिटांनी जाणवेनासा होतो, हे पणजीच्या मार्केटात जाणाऱ्या कोणालाही सांगायला नको. म्हणून वास थोडा, नेमका आणि मधे खंड पाडून द्यायचा. हे या सगळ्या धंद्यातले मर्म.

हे सगळे वाचून मला वाटले होते की ही विसाव्या शतकातली अमेरिकन अक्कल आहे. पण हैदराबादेत बसून विचार करताना लक्षात आले की ज्या दख्खनच्या मातीवर आपण बसलो आहोत तिथे हा उद्योग फार जुना.

हैदराबादहून पश्चिमेला, आज कर्नाटकाच्या बिदर जिल्ह्यात असलेले बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर 'मानसोल्लास' हा प्रचंड संस्कृत ग्रंथ आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. मराठीच्या अभ्यासकांना तो ठाऊक असतो, कारण जुन्या मराठीचे काही नमुने त्यात सापडतात. आपल्या गोव्याचे कदंब राजे याच चालुक्यांचे मांडलिक होते, तेव्हा हे घर काही अगदीच परके नव्हे. या ग्रंथात राजाने भोगायच्या गोष्टींची जंत्री आहे. त्यात उटण्या-लेपांचे आणि धुपाचे स्वतंत्र भाग आहेत, आणि लेप ऋतूप्रमाणे बदलायला सांगितले आहेत. पण मला खरी गंमत वाटली ती त्यातल्या क्रीडांच्या प्रकरणाची. राजासाठी कृत्रिम डोंगर रचून त्यावर विहार करायची भूधरक्रीडा, वनक्रीडा, झोपाळ्यांची आंदोलनक्रीडा, पाणी शिंपण्याची सेचनक्रीडा, वाळूतली, हिरवळीवरची, चांदण्यातली क्रीडा... आपण आज तिकीट काढून ज्या बागांत जातो त्यांचा हा नकाशाच नाही का? फरक इतकाच की तिथे तिकीट नव्हते आणि पाहुणा एकच होता.

चार-पाचशे वर्षांनी याच दख्खनेत दुसरा इब्राहिम आदिलशहा विजापूरच्या गादीवर होता (१५८० ते १६२७). गाण्याबजावण्याचा वेडा, 'किताब-ए-नवरस' लिहिणारा, नवरसपूर नावाचे शहर वसवायला घेणारा. त्याच्या दरबाराशी जोडलेला 'इत्र-ए-नवरसशाही' नावाचा फारसी ग्रंथ आहे. अत्तरे, उटणी आणि धूप कसे करावे याबरोबरच दालन आणि शेज फुलांनी, हारांनी, धुपाने कशी भारून टाकावी हे त्यात आहे. पाकिस्तानी अभ्यासक अली अकबर हुसैन यांनी २००० साली दख्खनी बागांच्या सुगंधावर एक पुस्तक लिहिले, त्यात या ग्रंथाचा विस्ताराने विचार केला आहे. डोळ्यांसाठी चित्रे, कानांसाठी गाणे आणि नाकासाठी सुगंध, असे एका दालनात एकत्र आणून पाहुण्याचे मन हवे तिकडे वळवायचे, ही कला त्या दरबारांना पुरती अवगत होती. वासाने मन फिरते, आजार हटतो, माणूस खूश होतो, हे तेव्हाच्या वैद्यकाचेही मत होते.

आणि हैदराबाद? महंमद कुली कुतुबशहाने १५९१ साली चारमिनार उभारून हे शहर वसवले. सतराव्या शतकात आलेल्या ताव्हेर्निए आणि थेव्हनो या फ्रेंच प्रवाशांच्या लिखाणात त्याचे नाव 'बागनगर' या वळणाचे येते. 'भागनगर' की 'बागनगर' हा वाद इतिहासकार घालत आले आहेत, त्यात मी पडत नाही. पण बागा होत्या हे नक्की. राजवाड्याच्या गच्च्यांवर मोठमोठी झाडे लावलेल्या बागा पाहून, खालच्या कमानींनी हे वजन पेलले तरी कसे, असा अचंबा ताव्हेर्निएने नोंदवला आहे. महंमद कुली स्वतः दखनी भाषेतला मोठा कवी. त्याची समग्र कविता १९४० साली मोहिउद्दीन कादरी जोर यांनी छापून काढली. त्याने बागांवर लिहिले, वसंतावर लिहिले आणि 'मिरग'वरही लिहिले. मिरग म्हणजे आपले मृग नक्षत्र! इराणी वळणाचा सुलतान, आणि कविता लिहितो ती आपल्या शेतकऱ्याच्या पंचांगातल्या नक्षत्रावर.

मृगाच्या पहिल्या सरीने मातीला येणारा वास आपण सगळे ओळखतो. कनौजचे गंधी सुकलेली माती तांब्याच्या डेगीत पाण्याबरोबर उकळतात, तिची वाफ बांबूच्या नळीतून चंदनाच्या तेलात उतरवतात आणि 'मिट्टी'चे अत्तर काढतात. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या बेअर आणि थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी या वासाला 'पेट्रिकोर' असे नाव दिले, आणि त्यांनाही या भारतीय अत्तराची माहिती होती. म्हणजे शास्त्राने नाव ठेवण्यापूर्वीच आमच्याकडे हा वास बाटलीत भरून विकला जात होता.

आता थोडे घरी, गोव्यात येऊ.

१५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरचा संवादरूप ग्रंथ छापला गेला. हा गृहस्थ १५३४ साली इथे आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा घरोबा, त्याच्याकडे वैद्य म्हणून जाणे-येणे. त्याच्या पुस्तकाचे मथळे वाचले तरी एखाद्या गंध्याच्या दुकानात शिरल्यासारखे वाटते. अंबर, कापूर, लोबान, अगरू, चंदन, आणि रात्री फुलून पहाटे गळणारा पारिजातक, ज्याला पोर्तुगीज 'दुःखी झाड' म्हणत. तिमोरचे चंदन आणि सुमात्राचा लोबान गोव्याच्या धक्क्यावर उतरून दख्खनच्या दरबारांत जाई. म्हणजे ज्या दालनांचे कौतुक मी वर केले, त्यांच्या वासातला काही भाग आमच्या मांडवीवरून गेलेला. ओर्ता मेल्यावर, १५८० साली, तो गुप्तपणे ज्यू धर्म पाळत होता असे ठरवून इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. पुस्तकभर सुगंधाची माहिती देणाऱ्या माणसाचा शेवट असा धुरात झाला.

आणखी एक गोष्ट. १५६० च्या सुमारास कुशस्थळीहून मंगेश प्रियोळला आला. अशी कितीतरी दैवते पोर्तुगीजांच्या मुलखातून नदी ओलांडून अंत्रुज महालात आली. त्या वेळी हा मुलूख विजापूरकरांच्या सत्तेखाली होता. १६७५ साली शिवाजी महाराजांनी फोंडा घेईपर्यंत तिथे आदिलशाही अंमल होता. आम्ही शाळेत 'आदिलशहा' म्हटले की फक्त शत्रू शिकलो. तो शत्रू नव्हता असे मी म्हणत नाही, त्याच्या अमलातले जुलूमही खोटे नाहीत. पण आमचे देव ज्या मुलखात निवाऱ्याला गेले तो मुलूख त्याचा होता, हेही खोटे नाही.

आणि त्या देवांपुढे आम्ही लावतो काय? उदबत्ती. 'ऊद' हा अरबी शब्द. मूळ अर्थ लाकूड, आणि सुगंधी धुपात त्याचा अर्थ अगरूचे लाकूड. संस्कृतात अगरू, म्हणून हिंदीत अगरबत्ती. अरबीत ऊद, म्हणून मराठीत उदबत्ती. लग्नात पाहुण्याच्या मनगटाला लावतो ते अत्तरही अरबीच, आणि ते विकणारा अत्तार. मराठ्यांच्या दरबारात बैठक संपताना पानसुपारी आणि अत्तर-गुलाब होई. ते झाले की उठायचे, हे सगळ्यांना ठाऊक असे. गुलाबदाणी कोणाची आणि पानसुपारी कोणाची हे त्या वेळी कोणी विचारत नव्हते. इतिहासाची पुस्तके तलवारीचा हिशेब ठेवतात. वासाचा हिशेब फक्त भाषेत राहिला आहे.

वासाची आठवण इतकी चिवट का, याचा थोडाबहुत उलगडा आता झाला आहे. बाकीच्या इंद्रियांकडून येणारा निरोप मेंदूतल्या 'थॅलॅमस' नावाच्या टपाल कचेरीतून पुढे जातो. वासाचा निरोप मात्र ती कचेरी टाळून भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांशी थेट पोचतो. (आम्हा कारकुनांच्या भाषेत सांगायचे तर त्याची फाईल आवक-जावक न होता थेट साहेबांच्या टेबलावर जाते.) नाकातल्या वास ओळखणाऱ्या ग्राहकांचा शोध लावल्याबद्दल रिचर्ड अॅक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चे नोबेल मिळाले.

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात १९८४ साली 'जॉरविक' नावाचे एक केंद्र सुरू झाले. उत्खननात सापडलेली हजार वर्षांपूर्वीची व्हायकिंग वस्ती तिथे पुन्हा उभी केली आहे, वासांसकट. १९९९ साली अॅगलटन आणि वॅस्केट या दोन संशोधकांनी, तिथे काही वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या लोकांना प्रश्न विचारले. सरासरी सहा-सात वर्षे उलटून गेली होती. प्रश्न सोडवताना ज्यांना त्या केंद्राचे वास हुंगायला दिले त्यांना तिथल्या गोष्टी अधिक आठवल्या. म्हणजे काकांचे देवघराबद्दलचे वाक्य हे म्हातारपणाचे रडगाणे नव्हते. खोलीची किल्लीच हरवलेली.

जॉरविकची मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. तिथले वास गुलाबाचे नाहीत. शौचकूपाचा, मासळीचा, जनावरांचा, धुराचा, ओल्या लाकडाचा असे ते वास आहेत. लोक नाक मुरडतात आणि तरी रांग लावतात. तिथे इतिहास आहे तसा हुंगायला दिला आहे.

आपल्याकडे उद्या कोणी जुन्या गोव्याची, नाहीतर जुन्या हैदराबादची अशी सफर उभारली तर काय होईल? माझी भीती अशी, की फक्त गुलाब, मोगरा आणि चंदन सोडले जाईल. जुन्या गोव्याच्या सफरीत रुआ दिरैतावरून जाताना लोबानाचा वास येईल. पण त्याच रस्त्यावर गुलाम विकले जात, त्या गर्दीच्या घामाचा येणार नाही. ज्या दूषित विहिरींच्या पाण्याने आणि साथींनी ते शहर ओस पडले, ज्यामुळे व्हाइसरॉय १७५९ साली पणजीत राहायला आले, त्या विहिरींचा वास येणार नाही. बागनगरच्या सफरीत गच्चीवरच्या बागा असतील, पण वर पाणी वाहून नेणाऱ्यांची भिजलेली गोणपाटे नसतील. आज चारमिनारकडे जाताना मुसी नदी ओलांडावी लागते. त्या पुलावर गाडीच्या काचा वर जातात. हाही हैदराबादचा वास आहे, आणि तो अत्तराने झाकता येत नाही.

सुगंधालाही किंमत असते, आणि ती दुसरेच कोणीतरी भरते. कस्तुरीसाठी मृग मारले, अंबरासाठी समुद्र धुंडाळले. अगरूच्या झाडाला बुरशीची जखम झाली की मगच त्यात ऊद धरतो. रानातली ही झाडे इतकी तुटली की १९९५ पासून त्याच्या मुख्य जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, आणि पुढे ते बाकीच्या जातींनाही लागू झाले. देवळातल्या गाभाऱ्यातला गंध सगळ्यांच्या नाकापर्यंत पोचायचा नाही, कारण सगळ्यांना तिथवर जाऊच दिले जात नव्हते, हेही याच हिशेबात मांडायला हवे. कोणाच्या अंगाला कसला वास येतो यावरून माणसे लांब ठेवली गेली. वास हे आठवणीचे दार आहे तसे ते हाकलून देण्याचे हत्यारही होते.

असो. निघायच्या आदल्या दिवशी काका म्हणाले, "चल, तुला चारमिनारला अत्तराच्या गल्लीत नेतो." मावशी म्हणाली, "अहो, तुम्ही तिथे जाऊन करणार काय?" काका हसले. विद्यानगर स्टेशनहून लोकलने मलकपेटपर्यंत गेलो, पुढे रिक्षा.

दुकान म्हणजे एक लांबट खोली, भिंतभर काचेच्या बाटल्या. दुकानदार काकांच्याच वयाचा. दोघांचे दखनीत बोलणे सुरू झाले, मधूनच काकांचा एखादा मराठी शब्द घुसायचा तरी कोणाचे अडत नव्हते. त्याने एकेक बाटलीची काडी माझ्या मनगटावर टेकवली. खस, हिना, शमामा, मजमुआ. पाच-सहा झाल्यावर माझे नाक दमले, सगळे सारखेच वाटू लागले. काकांनी प्रत्येक वेळी हात पुढे केला, हुंगले, मान हलवली. काही नाही. मिट्टीचे अत्तर आले तेव्हा मला कापुसतळणी नाही, पेडण्याचे आमचे अंगण दिसले, जूनमधले. काका म्हणाले, "कशाचे आहे?" मी म्हटले, "पहिल्या पावसाचे." ते म्हणाले, "म्हणजे मृगाचे," आणि बराच वेळ मनगट नाकाशी धरून राहिले.

दुकानदाराला काय प्रकार आहे ते कळले असावे. त्याने काही न बोलता एका छोट्या धुपाटण्यात निखारा फुलवला आणि त्यावर लाकडाची एक काळपट चिलपी टाकली. धूर वर आला. काका पुढे झुकले.

"काहीतरी आहे," ते म्हणाले. "काय ते सांगता येत नाही. पण काहीतरी आहे."

तो नाकाने ओळखलेला वास होता की धुराची घशाला झालेली चुरचुर, की नुसती आठवण, मला सांगता येणार नाही. डॉक्टरही बहुधा सांगू शकणार नाहीत. त्यांनी ती चिलपी विकत घेतली. किंमत ऐकून मी चाट पडलो, पण बोललो नाही.

घरी आल्यावर मी देवापुढच्या उदबत्तीचे पाकीट नीट वाचले. त्यात बांबूची काडी आहे, लाकडाचा भुसा आहे, कृत्रिम सुगंध आहे. ऊद अर्थातच नाही, एवढ्या किमतीत तो असणार कसा? फक्त नावात उरला आहे. तरी मी ती लावली. आता लावताना त्या शब्दाकडे लक्ष जाते, आणि विद्यानगरातल्या त्या चार बाटल्यांकडेही. मावशीचा परवा फोन आला होता. काकांना लवंग थोडीशी येऊ लागली आहे म्हणे. बाकीच्या तीन बाटल्या अजून गप्प आहेत.

तुमच्या घरातला एखादा जुना वास तुम्हाला आठवत असेल, आजीच्या पेटीतला, सुरंगीच्या वळेसराचा, पावसाळ्यातल्या कचेरीतल्या फायलींचा, तर तो आठवणीत आहे तोवर कुठेतरी लिहून ठेवा. चांगला असो की वाईट. सुंदर तेवढेच निवडू नका.